दिवाळीनंतरचे दहा आठवडे: पहिल्या हाफ मॅरेथॉनची कमी वेळातली तयारी

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि नाव नोंदवायचं ते भर पावसाळ्यात. तेव्हा पाच महिने हाताशी आहेत असं वाटतं. मग गणपती येतात, नवरात्र जातं, दिवाळी होते आणि फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत शिल्लक राहतात जेमतेम दहा आठवडे. हा लेख त्या दहा आठवड्यांचा आहे. नोकरी, लोकलचा प्रवास आणि घर सांभाळून आठवड्यातून तीनच दिवस पळता येतं, हाफ मॅरेथॉनचे २१.०९७५ किलोमीटर एका दमात कधी कापलेले नाहीत, अशा माणसासाठी. ध्येय एकच: दिलेल्या वेळेत, न लंगडता शर्यत पूर्ण करणं. अमुक मिनिटांत संपवायची हौस पुढच्या वर्षासाठी ठेवा.

कमी वेळ असलेल्यांचा घात सहसा कमी पळण्याने होत नाही, बुडालेले दिवस भरून काढण्याच्या घाईने होतो. हृदय आणि फुप्फुसं दोन-तीन आठवड्यांत सुधारणा दाखवू लागतात. स्नायूबंध आणि हाडांना त्यासाठी काही महिने लागतात. त्यामुळे चौथ्या आठवड्यात धाप कमी लागते, अंगात जोर आल्यासारखा वाटतो, माणूस अंतर आणि वेग दोन्ही वाढवतो आणि सहाव्या आठवड्यात नडगी धरून बसतो.

आधी स्वतःला तपासा

सपाट रस्त्यावर ५ किलोमीटर जा. पळत, मध्ये चालत, कसंही; पण ४५ मिनिटांच्या आत आणि दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरता आला पाहिजे. हे जमत असेल तर दहा आठवडे पुरतात. जमत नसेल तर यंदा १० किलोमीटरची शर्यत करा. त्यात कमीपणा काही नाही.

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा चढ चढताना छातीत दाटल्यासारखं होत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा आणि पळण्याचा बेत त्यांना स्पष्ट सांगा. पावसाळ्यात डेंगी किंवा चिकनगुनिया होऊन गेला असेल तरीही. चिकनगुनियानंतर सांधे कित्येक आठवडे धरलेले राहतात. त्या सांध्यांवर दहा आठवड्यांचा आराखडा रेटता येत नाही.

शर्यत अजून निवडायची असेल तर सपाट रस्त्याची निवडा. सातारा हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढून जाते आणि त्याच घाटाने उतरते. शर्यत देखणी आहे, पण उतारावर मांड्यांचे जे हाल होतात ते पहिल्या वेळी नकोत.

वेळेचं गणित

प्रत्येक शर्यतीला कटऑफ, म्हणजे ती संपवायची कमाल वेळ, असतो. हाफसाठी तो बहुतेक ठिकाणी तीन ते साडेतीन तासांच्या दरम्यान ठेवतात. आपल्या शर्यतीचा नेमका आकडा वाचून घ्या. मार्गातल्या मधल्या टप्प्यांनाही कटऑफ असतो आणि तो चुकला की पुढचा रस्ता वाहतुकीला खुला होऊ लागतो. हिशोब असा:

३ तास ३० मिनिटं: किलोमीटरला ९ मिनिटं ५७ सेकंद
३ तास: ८ मिनिटं ३२ सेकंद
२ तास ४५ मिनिटं: ७ मिनिटं ४९ सेकंद
२ तास ३० मिनिटं: ७ मिनिटं ७ सेकंद

आता रन-वॉक. ४ मिनिटं सावकाश पळायचं आणि १ मिनिट झपाझप चालायचं, पहिल्या किलोमीटरपासून शेवटपर्यंत. पळण्याचा वेग किलोमीटरला साडेसात मिनिटं आणि चालण्याचा अकरा मिनिटं धरला, तर सरासरी येते सुमारे ८ मिनिटं, म्हणजे शर्यत साधारण २ तास ५० मिनिटांत. तीन तासांच्या कटऑफमध्येही दहा मिनिटं हातात उरतात. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये १० हजार मीटर धावलेले अमेरिकन धावपटू जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत नवख्यांमध्ये रुजवली. तिची मेख एवढीच की चालण्याचे मिनिट दमल्यावर नाही, दमण्याआधी घ्यायचं. पहिले ८ किलोमीटर ‘मला गरज नाही’ म्हणून न थांबता पळालेला माणूस पंधराव्या किलोमीटरला चालू लागतो आणि मग चालतच राहतो. चार मिनिटं जड जात असतील तर २ मिनिटं पळा, १ मिनिट चाला. घड्याळात बीप लावून ठेवा, मनाला विचारू नका.

आठवड्याची मांडणी

मंगळवारी ४० मिनिटं सावकाश पळणं. गुरुवारी ४० मिनिटं. रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस घरच्या घरी १५ मिनिटांचा व्यायाम. शनिवारी पूर्ण विश्रांती.

‘सावकाश’ म्हणजे किती? शेजारी पळणाऱ्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. नवख्यांना या वेगाची लाज वाटते, कारण बागेत चालणारे काकाही जवळपास त्याच वेगाने जातात. लाजू नका, याच वेगाने दम वाढतो आणि हाडांना सवय होते.

रविवारची अंतरं, किलोमीटरमध्ये:

पहिला आठवडा: ७
दुसरा: ९
तिसरा: ११
चौथा: ८
पाचवा: १३
सहावा: १५
सातवा: ११
आठवा: १७
नववा: १०
दहावा: शर्यत

चौथ्या आणि सातव्या आठवड्यात अंतर उतरवलेलं आहे ते मुद्दाम. नेमकं तेव्हाच बरं वाटत असतं आणि हात शिवशिवतात, पण दुरुस्ती त्याच आठवड्यांत होते. लाँग रनला अडीच तासांची मर्यादा ठेवा. आठव्या आठवड्यात १७ पूर्ण व्हायच्या आत अडीच तास झाले तर तिथेच थांबा. त्यापुढे मिळणारा फायदा थोडा आणि झीज फार. सरावात २१ किलोमीटर पळून पाहायची अजिबात गरज नाही. १७ सावकाश झालेले असले की उरलेले चार शर्यतीच्या दिवशी निघतात.

गुरुवार पहिले चार आठवडे मंगळवारसारखाच. पाचव्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत त्यात थोडा वेग मिसळा: १० मिनिटं सावकाश, मग ३ मिनिटं जरा जोरात आणि २ मिनिटं चालणं असं चार वेळा, शेवटी १० मिनिटं सावकाश. जोरात म्हणजे जीव तोडून नाही, तीन-चार शब्द बोलता येतील इतपत. एक आड एक गुरुवारी याऐवजी एखादा उड्डाणपूल किंवा चढाचा रस्ता घ्या: ४५ सेकंद वर पळायचं, चालत खाली यायचं, सहा वेळा. मुंबईच्या मार्गावर पेडर रोडचा चढ आहे, हे त्याच्यासाठी.

हातात सहाच आठवडे असतील तर रविवारची अंतरं ८, १०, १२, १४, ९ आणि मग शर्यत. ही सूट फक्त आधीपासून नियमित ५-६ किलोमीटर पळणाऱ्यांना, आणि जोरात पळण्याचे गुरुवार त्यात पूर्ण रद्द.

दिवस बुडाले तर? एक बुडाला तर सोडून द्या, त्याचं अंतर दुसऱ्या दिवशी जोडू नका. एक आठवडा गेला तर आराखडा जिथे थांबला तिथून पुढे चला. दोन आठवडे गेले तर थांबण्याआधीच्या आठवड्याचं अंतर पुन्हा करा. आराखड्याचा तेवढा भाग गळेल, आणि शेवटचा लाँग रन १७ऐवजी १४-१५ राहिला तरी चालेल. तीन आठवडे गेले की हाफचा हट्ट सोडा. आठवड्यात एकच दिवस वाचवता येणार असेल तर तो रविवारचा वाचवा.

घरचा व्यायाम थोडक्यात: स्क्वॉट, जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली, पाठीवर झोपून कंबर उचलणं, प्रत्येकी १२ चे तीन फेरे, ३० सेकंदांचा प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकवून अंग सरळ धरणं) दोनदा. टाचांचा व्यायाम टाळू नका. पोटरी आणि टाचेची नस सगळ्यात आधी कुरकुरते.

रस्ता, हवा, कुत्री

पहाटे साडेपाचच्या आत बाहेर पडा. लाँग रनच्या दिवशी त्याहूनही लवकर. ऊन टळतं, रहदारी टळते. फुटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं पळा. अंधारात फिकट रंगाचा टी-शर्ट घाला. रस्ते कडेला उतरते असतात. नेहमी एकाच कडेने पळाल्यास एका पायाच्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागते. कमी रहदारीच्या वेळी, किंवा मैदानात, बाजू बदलत राहा. मातीचं मैदान मिळालं तर एक दिवस तिथे काढा. सिमेंटच्या रस्त्यापेक्षा नडग्यांना ते मानवतं.

भटकी कुत्री मागे लागली तर पळू नका. थांबा, डोळ्याला डोळा न भिडवता शांतपणे चालत बाहेर पडा. पळणाऱ्याचा पाठलाग करणं हा त्यांचा स्वभाव आहे. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

पुणे, नाशिक, नागपूरकडच्या थंड, कोरड्या पहाटेत सराव करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की मुंबईची जानेवारीतली पहाट सुखद असली तरी दमट असते. तोच वेग तिथे जड जातो. किलोमीटरला १५-२० सेकंद सोडून द्यायची तयारी ठेवा.

बूट आणि कपडे

बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. बहुतेकांना रोजच्या चपलेपेक्षा अर्धा किंवा एक नंबर मोठा लागतो. घट्ट बुटात लांब अंतर कापलं की नखं काळी पडतात. सुती मोजे नकोत. ते घाम धरून ठेवतात आणि फोड येतात. शर्यतीचे बूट किमान एका लाँग रनमध्ये वापरलेले असले पाहिजेत. तळव्यात कार्बनची पट्टी असलेल्या महागड्या बुटांचा मोह टाळा. तुमच्या वेगाला त्यांचा उपयोग नगण्य आणि पोटऱ्यांवर ताण नवा.

घासणाऱ्या जागांवर, म्हणजे मांड्यांच्या आत, काखेत, पुरुषांनी स्तनाग्रांवर आणि बायकांनी ब्राच्या पट्ट्याखाली, व्हॅसलीन लावा. दोन तासांनंतर हीच गोष्ट सगळ्यात जास्त छळते आणि आंघोळीच्या वेळी कळते.

खाणं-पिणं

दीड तासाच्या पुढे पळायचं असेल तर वाटेत काहीतरी पोटात जायला हवं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हा सर्वसाधारण हिशोब. नवख्याने ३०-४० वर राहावं. एका जेलमध्ये (पळताना चोखायची गोड, घट्ट पाकिटं) साधारण २२-२५ ग्रॅम असतात, मध्यम केळ्यात २५ च्या आसपास, लहान पाच खजुरांत तितकेच. पहिला घास ४०-४५ मिनिटांनी घ्या, भूक लागायची वाट पाहू नका. जेलवर नुसतं पाणी प्या. गोड पेय प्यायलात तर पोट ढवळतं. चिक्की आणि सुकामेवा पळताना नको. शेंगदाण्यातलं तेल पचायला वेळ घेतं.

घरचं पेय: अर्धा लिटर पाणी, दोन टेबलस्पून साखर, दोन चिमटी मीठ, अर्धं लिंबू. ओआरएसची पावडर वापरत असाल तर पाकिटावर लिहिलं आहे तितक्याच पाण्यात पूर्ण पाकीट घाला. अर्ध्या पाण्यात दाट केलेलं प्यालात तर जुलाब ठरलेले.

पाणी किती? तहान लागेल तसं, साधारण तासाला ४०० ते ६०० मिलिलिटर. आपला आकडा काढायचा असेल तर एक तास पळण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. एक किलो घटलं म्हणजे सुमारे एक लिटर घाम. वजन वाढलं असेल तर तुम्ही जास्त पिताय, आणि हा प्रकार धोक्याचा आहे. रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, भ्रम, टोकाला झटके येतात. वेगवान धावपटूंपेक्षा हळू जाणाऱ्यांना याची भीती अधिक, कारण ते प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी थांबतात आणि पितात.

शर्यतीच्या आदल्या रात्री वरण-भात, मूगडाळीची खिचडी, दही-भात असं ओळखीचं जेवण, आठच्या आत. मिसळ, उसळ, कोशिंबीर, तळणी नको. पास्ता पार्टीच्या नादाने कधी न खाल्लेलं काही त्या रात्री खाऊ नका. पहाटे सुरुवातीच्या दीड-दोन तास आधी जॅम लावलेले दोन ब्रेड किंवा एक केळं आणि राजगिऱ्याचा लाडू, आणि सवय असेल तर चहा किंवा कॉफी. हाच नाश्ता किमान तीन रविवारी करून पोटाला पटवून ठेवा.

दुखणी: कोणती सोसायची, कोणती नाही

दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या सारख्याच भरून आल्या तर काळजी नाही, दोन दिवसांत उतरतं. एकाच बाजूला, एकाच ठिकाणी दुखत असेल तर सावध व्हा. नडगीच्या लांबवर पट्ट्यात ठणका असेल तर तीन-चार दिवस थांबा, मग अंतर निम्मं करा. पण नडगीवर किंवा पंजावर एका बोटाने दाबून दाखवता येईल इतक्या नेमक्या जागी कळ येत असेल, रात्रीही दुखत असेल, तर हाड चिरलं असण्याची शक्यता असते. पळणं बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सकाळी अंथरुणातून पहिलं पाऊल टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखं झालं तर पोटरीचे ताण, पायाखाली बाटली फिरवणं आणि आठवडाभर कमी पळणं.

चाल बदलत असेल, म्हणजे तुम्ही लंगडत असाल, तर त्या दिवशी पळायचं नाही. याला अपवाद नाही.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेऊन पळू नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात, शिवाय दुखणं झाकलं जातं. ताप असताना पळणं तर साफ बंद. विषाणूचा ताप हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचलेला असू शकतो.

शेवटचा आठवडा

मंगळवारी ३० मिनिटं, गुरुवारी २० मिनिटं, बस. या दिवसांत पाय जड वाटतात, नसलेली दुखणी जाणवतात, दुर्लक्ष करा. झोप गुरुवार-शुक्रवारची महत्त्वाची. शनिवारी रात्री नीट झोप लागत नाहीच, आणि त्याने फारसं बिघडतही नाही.

मुंबईत बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, शर्यतीच्या आधीच्या दिवसांत आयोजकांच्या एक्स्पोमध्ये (प्रदर्शनात) जाऊन, ओळखपत्र दाखवून घ्यावं लागतं. रविवारी सकाळी मिळत नाही. शनिवारी तिथे चार तास भटकू नका. शक्य तर गुरुवारी किंवा शुक्रवारीच उरका. वेळ नोंदवणारी टायमिंग चिप बिबच्या मागे असेल तर बिब दुमडू नका. चार सेफ्टी पिना, जेल, व्हॅसलीन, सुरुवातीपर्यंत अंगावर घालून नंतर टाकून देता येईल असा जुना शर्ट, हे रात्रीच काढून ठेवा. पहाटेच्या खास लोकल सहसा सोडतात. वेळापत्रक आदल्या दिवशी पाहा. मोबाइल टॉयलेटची रांग मोठी असते, तासभर आधी पोचा.

शर्यत

मार्ग दरवर्षी थोडाफार बदलतो, पण अलीकडच्या वर्षांत हाफ वांद्रे-वरळी सी-लिंकवरून जाते आणि नंतर पेडर रोडकडे वळते. सुरुवात अंधारात होते. पहिले दोन किलोमीटर गर्दी असते. वाट काढत डावी-उजवीकडे पळू नका, त्यात जास्तीचं अंतर पडतं आणि पाय अडकून पडायला होतं. सी-लिंकवर एरवी पायी जाता येत नाही, त्यामुळे तिथे सगळ्यांना स्फुरण चढतं. तिथेच तुमचा वेग ठरल्यापेक्षा जलद होणार, घड्याळ पाहा. फोटो काढायचा तर कडेला जाऊन. वाटेत अचानक थांबलात तर मागचा येऊन आदळतो. चालण्याच्या मिनिटालाही तसंच: हात वर करून खूण करा, डावीकडे सरका, मग चाला.

पेडर रोडचा चढ पाय थकल्यावर येतो. तो ताठ मानेने चालत चढा. पावलं लहान, हात हलते. चालून फार तर दोनेक मिनिटं जातात. पळून चढण्याच्या नादात पोटरीत गोळा आला तर दहा जातात. उतारावर लांब ढांगा टाकू नका. मरीन ड्राइव्हला हळू जाणाऱ्यांना ऊन लागतं, म्हणून टोपी किंवा गॉगल सोबत असू द्या. शेवटचा टप्पा नकाशात दिसतो त्यापेक्षा लांब वाटतो. घड्याळातलं अंतर उंच इमारतींमुळे चुकतं, रस्त्यावरचे किलोमीटरचे फलक प्रमाण माना.

छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम येणं बंद होऊन अंग तापलं, बोलणं अडखळलं, यातलं काहीही झालं तर जवळच्या वैद्यकीय केंद्रावर थांबा. सोबत पळणाऱ्याला असं होताना दिसलं तर त्याला ‘थोडंच राहिलंय’ म्हणू नका, थांबवा.

नंतर

रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका, रक्तदाब उतरून चक्कर येते. दहा मिनिटं चालत राहा, कोरडा शर्ट घाला, तासाभरात खाऊन घ्या. सोमवारी जिना उतरताना कठड्याला धरावं लागेल, बुधवारपर्यंत ओसरतं. आठवडाभर पळणं नाही, सपाट रस्त्यावर चालणं चालेल. काळं पडलेलं नख ओढून काढू नका, खालून नवं आलं की ते आपोआप सुटतं. लघवी कोलासारखी गडद झाली, किंवा मांड्या सुजून दुखणं दिवसागणिक वाढत गेलं, तर ते नेहमीचं अंगदुखणं नाही. त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि तिथे किती किलोमीटर पळालात ते आधी सांगा.